बिनबिल्ल्याची टर्की

टर्की करायची ठरवलीत, तर पहिला सल्ला असा की ते सासूसमोर बोलू नका. मी बोललो.

नाताळचं जेवण दरवर्षी आमच्या लिमातल्या घरी होतं. यंदा सासूबाई, म्हणजे दोन्या एर्मेलिंदा, आरेकिपाहून आल्या आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाल्या की गेल्या वर्षीची टर्की चावून त्यांची दाढ अजून दुखते, तेव्हा पुढच्या वर्षीपासून नाताळ मेहुण्याकडे. माझी बायको नेलिदा तडक स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली. मला ते बघवेना. (आणि मेहुण्याला मिशीवर ताव देताना तर मुळीच बघवलं नसतं.) मी म्हणालो, "यंदाची टर्की मी करणार. ती आवडली नाही, तर खुशाल न्या नाताळ त्याच्याकडे."

"जावईबापू, तुम्हाला अंडं तरी उकडता येतं का?"

येत नाही. पण आता माघार घेणार कोण?

दुसरा सल्ला, टर्की जिवंत आणा. आमच्याकडे कापण्याआधी तिला पिस्को पाजतात, द्राक्षांची कडक दारू. मांस मऊ पडतं म्हणे. एकटीनं पिणं तिला बरं वाटेना, म्हणून मी सोबत केली. तिला एक चमचा, मला एक पेला. थोड्या वेळानं टर्की अंगणात सरळ रेषेत चालत होती. माझ्या चालण्याबद्दल नेलिदाचं मत वेगळं आहे. मग कसायाकडून तिला साफ करून आणली आणि लसूण, जिरं, मिरचीचं वाटण, काळी बिअर, सगळं चोळलं. मीठही चोळलं. मग मीठ लावलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा चोळलं. (कामात हयगय नको.)

आता एवढं धूड घरच्या ओव्हनमध्ये कुठलं मावायला? नाताळच्या आदल्या दिवशी आमची अख्खी गल्ली आपापल्या टर्क्या घेऊन सेनोनच्या बेकरीपुढे रांग लावते. सेनोन त्या बेकरीच्या ट्रेमध्ये ठेवतो, तंगडीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला बांधतो आणि तसाच दुसरा आपल्या हातात देतो. मला ते पटलं नाही. बिल्ला गळून पडला तर? मी जन्मभर नगरपालिकेत कारकुनी केलेली. कागदावर नाव, खाली सही, की वस्तू आपली. मी स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं, सही ठोकली आणि कागद टाचणीनं टर्कीच्या छातीवर टोचला.

"साहेब, ही भट्टी आहे," सेनोन म्हणाला.

मला माहीत आहे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. (माहीत होतंच. फक्त भट्टीचा आणि कागदाचा संबंध जोडला नव्हता.)

संध्याकाळी आणायला गेलो, तर पावासाठी ही झुंबड. सेनोन गल्ल्यावरूनच म्हणाला, बिनबिल्ल्याची तुमची, घेऊन जा. आत बिनबिल्ल्याच्या दोन होत्या. एक सोनेरी, तुकतुकीत. दुसरी काळीठिक्कर, अंग चोरून बसलेली. तिच्या मालकाची मला मनापासून कीव आली. ऐन सणाला बिचाऱ्यानं पाहुण्यांना काय तोंड दाखवावं? मी सोनेरी उचलली आणि ताठ मानेनं घरी आलो.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग न विचारता स्वतःच्या हातानं आणखी वाढून घेतलं. म्हणाल्या, आई गेल्यापासून अशी टर्की कुणी खाऊ घातली नव्हती. नेलिदानं टेबलाखाली माझा हात दाबला. खरं सांगतो, मला भरून आलं. मग मी सगळ्यांना सल्ले द्यायला लागलो. मिठाचा अंदाज हातात असावा लागतो, असं बरंच काही सांगितलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात सेनोन, त्याच्या हातात ती काळी टर्की, आणि मागे समोरच्या घरातल्या उबाल्दिनाबाई. त्यांची टर्की सेनोन इतक्या वर्षांच्या सवयीनं नुसती बघून ओळखतो, तिला बिल्ला बांधतच नाही. काळीच्या छातीत माझी टाचणी रुतलेली होती.

उबाल्दिनाबाईंनी आमच्या टेबलाकडे पाहिलं. सोनेरीच्या एका बाजूची फक्त हाडं उरली होती.

"माझे पाहुणे हात धुऊन बसलेत," त्या हळूच म्हणाल्या.

मी खुर्चीत जमेल तेवढा लहान झालो. सासूबाई उठल्या. काळीचा एक तुकडा मोडला (तो मोडावाच लागला), जिभेवर ठेवला, आणि माझाही पेला ओढून दोन पेले पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या पाहुण्यांना इकडेच बोलवा. दुसरी बाजू शाबूत आहे, केक आहे, गरम चॉकलेटही आहे."

उबाल्दिनाबाई पाहुण्यांना आणायला गेल्या, तशा सासूबाई नेलिदाकडे वळल्या. "नाताळ पुढच्या वर्षीही इथंच."

नेलिदाचा चेहरा असा खुलला की मला धीर आला आणि मी आभार मानायला उभा राहिलो.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त एवढंच करायचं, जावईबापू. दरवर्षी अशीच दुसऱ्याची उचलून आणायची."