नानांचा रिकामा पिंजरा

नाना पेंडसे प्राणिसंग्रहालयातल्या त्या पिंजऱ्यासमोर आले की देवळात आल्यासारखे बूट काढतात. टेक्सासच्या उन्हात फरशी तव्यासारखी तापलेली, गोरी माणसं थांबून बघतात, पण नाना मोज्यांवर उभे. म्हणतात, "बुटांच्या आवाजाला साहेब बिचकतात."

साहेब म्हणजे कोको. ग्वाम नावाच्या कुठल्याशा लांबच्या बेटावरचा पक्षी. उडता येत नाही. बेटावर साप शिरले, त्यांनी खाऊन फडशा पाडला, उरलेले माणसांनी उचलून इकडे आणले. हे सगळं नानांनी सांगितलेलं. मला दिसायची ती जाळी, झुडपं आणि पाटी.

"नाना, पिंजरा रिकामा आहे," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझं शिक्षण चौथी, पण उभा जन्म बार्शीला गिरणी चालवली. पिठातला किडा मला लांबून दिसतो.

"घाई कुणाला आहे?" नाना म्हणाले. चहा निवला तरी घाई कुणाला आहे, जावई गाडीत बसून हॉर्न वाजवतोय तरी घाई कुणाला आहे!

शुगर लँडला ते लेकीकडे, मी शेजारी मुलाकडे. गाडी दोघांनाही येत नाही. बुधवारी माझ्या सुनेला सुट्टी, ती सोडते. "एकदा दिसला की झालं अण्णा, मग तुम्हाला तसदी नाही," नाना म्हणाले होते. मी म्हटलं, आत पक्षी नाहीच हे तुम्ही कबूल करेपर्यंत येतो. मी पण हट्टाचा.

उन्हाळा सरला. नाना झुडपांना गुडघ्यांची तक्रार सांगायचे, काल भाजी खारट झाली तेही सांगायचे.

परवा ते थर्मासमधून चहा ओतत होते आणि झुडूप हललं. तपकिरी अंग, पोटावर पट्टे, चाल एखाद्या सभापतीची. सरळ नानांच्या मोज्यांसमोर येऊन उभा राहिला, जुनी ओळख असल्यासारखा.

मी कोपर मारलं. "नाना, बघा!"

नानांनी मान फिरवली ती थेट जिराफाकडे. "कुठाय? मला नाही दिसला बुवा."

"अहो, पायाशी!"

"नाहीच दिसला." मग हळूच म्हणाले, "दिसला म्हटलं की तुमचं येणं संपलं ना, अण्णा."

मी कोकोकडे पाहिलं. तोही माझ्याकडे बघत होता.

"पहिल्यापासून काय सांगतोय मी?" मी आवाज चढवला. "पिंजरा रिकामा आहे! पुढच्या बुधवारी कबूल करायला लावतो."

नानांनी अर्धा चहा माझ्यापुढे केला.

"लावा की. घाई कुणाला आहे?"