फुकटचा करंट

"एकोणचाळीस टक्के!" गुरुदास जोईलांनी गाडीतला आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. मुलीला कधी परीक्षेत एकोणचाळीस टक्के पडले असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. गाडीला पडले म्हणून ते खूश होते.

"वैभववाडी साठ किलोमीटर आसा, बाबा," पूजा म्हणाली. "एकोणचाळीसात पोचाक जमात?"

"बावन्नार तुळसाआतेचा घर आसा. थंय लावया. फुकट."

जामसंड्यात गुरुदासांच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पेट्रोल भरणाऱ्या तमाम जनतेची कीव करायचा छंद लावून घेतला. शेजारचा हरिश्चंद्र पंपावरून आला की हे फाटकात उभे. "कितीचा घातलंस? हजाराचा? अरेरे!" मग किलोमीटरला एक रुपया हा आकडा ते अशा काही आवाजात सांगत की हरिश्चंद्राला आपण रोज नोटा जाळत ऑफिसला जातो असं वाटू लागे.

हा एक रुपया पहिलं बिल येईपर्यंत टिकला. बिल आलं तेव्हा कळलं की घरात युनिटं वाढली की दरही वरच्या पायरीवर चढतो, आणि मग पंखा, फ्रीज, टीव्ही अशी सगळी मंडळी त्याच्या मागोमाग चढतात. दुसऱ्या कोणी यावर बिल भरलं असतं. गुरुदासांनी नातेवाइकांची यादी काढली. कोणाकडे पंधरा अँपियरचा सॉकेट आहे याची चौकशी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं अशा मावशा-मामांची त्यांना एकाएकी ओढ लागली. कुणकेश्वरला देवदर्शनही ते आता मामेभावाच्या घरी वायर लावल्यावरच घेत.

आता पाहुण्यांकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही. केळी, फरसाण, पोरांना खाजं. अशा प्रत्येक फुकटच्या चार्जिंगला दोन-अडीचशे रुपये पडत, पण ते खाण्याचे पैसे असल्यामुळे गुरुदासांच्या हिशेबात गाडीच्या नावावर पडत नसत.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. तीन वर्षं परीक्षा देऊन पूजाला वीज कंपनीच्या वैभववाडीच्या कार्यालयात नोकरी लागली होती. हजर होण्याचा आज शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून गेले की नाव रद्द आणि यादीतल्या पुढच्याला पत्र. पूजा सकाळच्या एस.टी.नं निघणार होती. पण दारात गाडी असताना तिकीट काढायचं म्हणजे गुरुदासांच्या तत्त्वाचा प्रश्न आला.

"आज तरी पैशे मोजून चार्ज करा अवो," त्यांची बायको आनंदी म्हणाली. "चेडवाची नोकरी आसा, बारसा न्हय."

"सकाळी साडेधाक निघतव. पाचापर्यंत काय पायी चलत जावचा आसा?"

आनंदीनं गाडीत आंब्यांच्या दोन पेट्या ठेवल्या. गुरुदासांनी एक उतरवली. "एकच घर आसा. एक बस झाली."

मे महिन्यातल्या उन्हात गाडी पस्तिसाच्या वेगानं निघाली. याहून जास्त वेगानं चार्ज वाया जातो असं गुरुदासांचं संशोधन होतं. सायकलवाले मागून घंटी वाजवत होते. पूजानं काच खाली केली.

"काच वर घे गो! वारो आत इलो की गाडी अडता."

"मगे एसी लावा."

"एसी? चार टक्के गिळता तो!"

तळेऱ्यापर्यंत पूजाचा इस्त्रीचा ड्रेस अंगाला चिकटला होता. हमरस्त्यालगतच्या हॉटेलासमोर चार्जिंगची जागा दिसली तशी ती म्हणाली, "बाबा, हयसर वीस मिनटात काम होतला. धा युनिटा पुरे."

"युनिटाक बावीस रुपये! दोनशे वीस!" गुरुदासांनी त्या यंत्राकडे दरोडेखोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"आणि मागे पेटी ठेवलास ती कितीची?" मागच्या सीटवरून आनंदीनं विचारलं.

"ते आंबे घरचे. घरच्या आंब्यांक पैशे पडतत काय?"

"इकले आसते तर पडले आसते."

यावर गुरुदासांनी रस्त्यावर लक्ष द्यायला हवं असं ठरवलं.

सव्वाबारा वाजता तीन टक्क्यांवर गाडी वरचीवाडीत तुळसाआतेच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शिरली. वैभववाडी अवघी आठ किलोमीटर उरली होती. सत्तरीची आते पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग भाच्याकडे.

"गुरुदासा, बरी आठवण झाली आतेची. चार्ज संपलो काय रे?"

"तसा काय नाय गो आते. पूजाक नोकरी लागली, म्हटला आधी तुझ्या पाया पडया."

पाया पडता पडताच त्यांनी पीठ दळायच्या घरघंटीचा सॉकेट हेरला. आठ किलोमीटरांपुरतं काम अर्ध्या तासात झालं असतं. पण परतीच्या साठांचं काय? गुरुदासांनी जाहीर केलं की गाडी चार वाजेपर्यंत लावून ठेवू, तिथून वैभववाडी वीस मिनिटं. आते तर आनंदानं कोंबडा धरायलाच निघाली. भाच्याची लेक पहिल्या नोकरीवर चालली असताना वडे-सागोतीशिवाय तिला सोडणं आतेला शक्य नव्हतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण तुळसाआतेचं खळं तिचं एकटीचं नव्हतं. ते अर्धं तिच्या दिराचं, दाजीचं होतं. दोन्ही घरांमध्ये चार पावलांचं अंतर आणि नऊ वर्षांचा अबोला. वायर लावून दहा मिनिटं होतात न होतात तोच दाजी कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला.

"गुरुदास! माझ्या खळ्यातसून गाडी घातलंस आणि माझ्या घरात येवक पाय जड झाले?"

"दाजी, मी येवचोच होतंय..."

"आणि ह्या घरातलो करंट घेतंस? हयसर बल्ब लावलो तर बल्ब खंय पेटलो ता बघूक बॅटरी लागता! माझ्याकडे नवीन मीटर आसा. काढ ती वायर!"

"खबरदार काढलंस तर!" आते झाडूसकट बाहेर आली. "माझ्या घोवान आणलेलो करंट आसा तो! हो तेवा चड्डीत फिरत होतो."

एका घरी गेलं आणि दुसऱ्या घरी गेलं नाही तर काय होतं, हे गुरुदासांना ठाऊक होतं. पुढची तीस वर्षं लग्नपत्रिका येत नाहीत. शिवाय दाजीचा सॉकेट कधी ना कधी उपयोगी पडणार होता. तेव्हा त्यांनी न्याय केला: अर्धा तास आतेकडे, अर्धा तास दाजीकडे. दाजीकडे न्यायला हातात काही नव्हतं म्हणून त्यांनी आतेच्या पेटीतले डझनभर आंबे गुपचूप पिशवीत घातले. गुपचूप हा त्यांचा समज होता. आतेनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजून घेतले.

"माका दिलेले आंबे तेका कित्याक?" ती आतून गरजली.

एक वाजला, दीड वाजला. दर अर्ध्या तासानं वायर या घरातून त्या घरात जात होती आणि दोन्ही पक्ष गाडीत डोकं घालून आकडा बघत होते. आतेच्या अर्ध्या तासात सहा टक्के वाढले. दाजीच्याही अर्ध्या तासात सहाच वाढले.

"सारखेच झाले," गुरुदास समेटाच्या सुरात म्हणाले.

"सारखे कसे?" दाजी म्हणाला. "माझे सहा दमदार आसत."

"बाबा, पंधरा झाले," पूजा म्हणाली. "आठ किलोमीटराक रग्गड. निघूया."

"फुकट मिळता ता अर्ध्यार सोडून?" गुरुदासांना हा विचार सहन झाला नाही. "चारापर्यंत बस गो."

आतेची दुसरी पाळी संपून वायर परत दाजीकडे गेली तशी आतेची घरघंटी मोकळी झाली. तिनं वड्यांचं पीठ दळायला घातलं आणि बाजूला वाटणासाठी मिक्सर सुरू केला. तिच्याकडे एवढा आवाज होतो आणि आपल्याकडे नाही, हे दाजीला बघवेना. त्यानं पोफळीला पाणी सोडायचा पंप चालू केला. गाडी, घरघंटी, मिक्सर आणि पंप या चौघांनी मिळून खांबावरच्या त्या जुन्या तारेकडून जे मागितलं ते तिनं चार मिनिटं दिलं. मग डीपीवर फाट्कन आवाज झाला, धूर निघाला आणि सगळी वरचीवाडी गप्प झाली.

पहिला धावत आला तो भात भरडायच्या गिरणीवाला बाबली. त्याच्यामागून वाडीतली पंधरा-वीस माणसं आली. कोणाला कारण विचारावं लागलं नाही. ते खळ्याच्या मधोमध वायर लावून उभंच होतं.

"माझा भात गिरणीत अर्धा भरडलेला आसा," बाबली म्हणाला. "लाईट येईसर ही गाडी हयसून हलूची नाय."

"अरे, माझ्या चेडवाक पाचाच्या आत हजर होवचा आसा!"

"चेडू जावंदे. गाडी ऱ्हवांदे."

दोघंजण आंब्याच्या सावलीत नव्हे, गाडीच्या पुढ्यातच बसले. गुरुदासांनी विनवण्या केल्या, ओळखी सांगितल्या, किलोमीटरला एक रुपया या विषयावरही थोडं बोलून पाहिलं. त्यात तास गेला. पूजा पडवीच्या पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर नेमणुकीचं पत्र होतं आणि ती सारखी त्याच्या घड्या सरळ करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तीन वर्सां अभ्यास केलंय मी. पाचाक माझा नाव खोडून फुडच्याचा घालतले."

 दोनशे वीस रुपये हा आकडा गुरुदासांच्या डोळ्यांपुढे आला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना लहान वाटला. आपण लेकीच्या जिवाशी खेळलो, हे त्यांना तिथं उन्हात उभ्या उभ्या कळलं.

"माझी स्कूटर आसा," दाजी घसा खाकरत म्हणाला. पाण्याचा पंप सुरू केल्याचं त्यालाही मनातून लागलं होतं. "पण पेट्रोल नाय तिच्यात. पंपापर्यंत कशीबशी जायत."

आनंदीनं हात पुढे केला. गुरुदासांनी पाकीट काढलं.

"आठच किलोमीटर आसत, पन्नासाचा पुरात..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं. आनंदीनं त्यांच्याकडे पाहिलं. "शंभराचा घाला," ते म्हणाले. वर्षभरात पेट्रोलसाठी त्यांच्या खिशातून निघालेली ही पहिली नोट.

तरीही आते वाट अडवून उभी राहिलीच. चुलीवर तळलेले चार वडे पूजाच्या हातात कोंबल्याशिवाय तिनं स्कूटर सोडली नाही. दाजीच्या सतराव्या किकला स्कूटर सुरू झाली, एका चढावर बंद पडली, ढकलत पंपावर नेल्यावर पुन्हा सुरू झाली. चार पस्तीसला पूजा वैभववाडीच्या कार्यालयात पोचली. केस पिंजारलेले, ओढणीला वड्याचं तेल. साहेबांनी पत्र पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि सही घेतली.

"वेळेत आलात. तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाई रजेवर आहेत. तेवढा तो फोन घ्या बघू, केव्हाचा वाजतोय."

पूजानं नोकरीतला पहिला फोन उचलला.

"हॅलो, वीज कंपनी का?" पलीकडून शुद्ध, करारी आवाज आला. "मी वरचीवाडीतून एक जागरूक नागरिक बोलतोय. अडीच तास झाले इथं वीज नाही! तुम्हा लोकांना पगार कशाचा मिळतो?"

पूजानं डोळे मिटले. साहेब शेजारीच उभे होते.

"तक्रार नोंदवते," ती म्हणाली. "बिघाडाचं कारण सांगू शकाल?"

"कारण मला काय ठाऊक! तुमच्या तारा जुन्या. लिहा, तारा जुन्या."

पूजानं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग आवाज एकदम उतरवून म्हणाली, "बाबा, मी पूजा बोलतंय. नोकरीर लागान माका धा मिनटा झाली. पयलीच नोंद खोटी करूक लावतात?"

 पलीकडे बाबलीचा आवाज येत होता, आतेचा येत होता. मग गुरुदास बोलले, आणि ते सगळ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले.

"पोचलंस मा तू? बस झाला. ल्ही. दोन घरांच्या लायनीर गाडी चार्जिंगक लावली, तेच्यान फ्यूज गेलो. चूक माझी. आतेक आणि दाजींक काय लावू नको, जो काय दंड आसात तो माझ्या नावार घाल. गुरुदास जोईल, जामसंडे."

पूजानं शब्दन् शब्द लिहिला. साहेबांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि ती नोंद दोनदा वाचली.

"ग्राहकानं स्वतःहून चूक कबूल केली? अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असला माणूस मी पाहिला नाही. कोण आहेत हे?"

"माझे वडील," पूजा म्हणाली, आणि हे सांगताना तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

 साहेबांनी वही तिच्याकडे सरकवली.

"वायरमनला पाठवतो लगेच. पण दंडाची नोटीस काढावीच लागेल. ती तुम्हीच घरी घेऊन जा, टपालखर्च वाचेल."

"चालेल साहेब," पूजा म्हणाली. "बाबांना तेवढंच समाधान."