तात्यांची तीस मिनिटं

किसनतात्यांना किती वाजले असं विचारलं, की ते घड्याळ बघून सांगायचे, "आजून अकरा मिनिटं हायत." विचारणारा चक्रावून जायचा. मला मात्र कळायचं, की दवाखान्यात कुठंतरी कुणाचं रक्त सांडलंय किंवा कुणी ओकलंय, त्यावर तात्यांनी हायपो ओतलाय आणि ते पहाऱ्याला उभे आहेत. हायपो म्हणजे नाकात झोंबणारं जंतुनाशक पाणी. त्यात तीस मिनिटं भिजल्याशिवाय काही पुसायचं नाही, हा तात्यांचा कायदा. तो देवालाही लागू होता.

पळसदेवला हायवेलगत माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. केसपेपर काढण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं तात्याच बघतात, अगदी पहिल्या दिवसापासून. डॉक्टर मी असले, तरी दवाखाना त्यांचा आहे, हे पेशंटही जाणून आहेत.

एकदा एमआयडीसीतला एक कामगार बोट कापून घेऊन मोटरसायकलवर आला. मी टाके घालेपर्यंत तात्या रक्ताचे थेंब शोधत पायरी, अंगण असं करत पार गाडीपर्यंत पोचले होते. प्रत्येक थेंबावर कागद, कागदावर हायपो.

"तात्या, आधी माझं बोट तरी बघा की," तो कळवळून म्हणाला.

"बोट मॅडम बघत्याल. ह्या हँडलाला कोण बघनार? उद्या तुझी बायको धरंल त्ये."

गाडी तीस मिनिटं अडकून पडली. तो बिचारा टाके घातलेला हात वर धरून बाकावर बसून राहिला.

दुसऱ्या खेपेला गावातले एक वजनदार पुढारी लग्नातलं जेवण पचलं नाही म्हणून आले आणि नेमके दारातच ओकले. तात्यांनी भोवती ब्लीचिंग पावडरचं रिंगण घातलं. पुढारी आत, कार्यकर्ते बाहेर. मधून कुणी जायचं नाही. एक कार्यकर्ता पाय टाकणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "ह्ये मतदान न्हाय दादा, मदी घुसायला." पुढारीसुद्धा पोट धरून हसले.

कापूस पिवळ्या पिशवीत, सुई कापून पांढऱ्या डब्यात. इंदापूरला ट्रेनिंग असतं असं कुठूनसं ऐकून तात्या स्वतःच्या पैशानं जाऊन आले आणि हे सगळं मला आणायला लावलं. मी कुरकुरत आणलं. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी "असा दवाखाना तालुक्यात नाही" म्हणून माझं कौतुक केलं, तेव्हा मी मान डोलावून ते घेतलं. तात्या मागं उभे होते.

त्यांच्या सोवळ्याचे किस्से मी पुढं चारचौघांत रंगवून सांगायची. दवाखान्यात त्यांचा चहाचा कप वेगळा, दांडीला लाल दोरा बांधलेला. त्याला कुणी हात लावला, तर चिडायचे. घरीही ताट वेगळं, तांब्या वेगळा. मंगलकाकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "ह्या मानसाला म्हातारपनी सोवळं सुचलंय. दाढीचं सामान बी कुलपात ठिवत्यात." मी म्हणाले, "तात्या, तुमचा जन्म चुकीच्या घरात झाला." ते नुसते हसले.

नातीच्या बारशाला तर कहर झाला. सगळे पाळण्याभोवती आणि तात्या ओसरीवर, खांबाला टेकून. पाळण्याला त्यांनी चांगली वीस हात दोरी बांधली होती. तिथूनच झोके देत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

नात रांगू लागली, चालू लागली, तरी दोरी सुटली नाही. तात्या तिला घमेल्यात बसवायला सुनेला सांगायचे आणि दोरीनं अंगणभर ओढायचे. पोरगी खिदळायची. मांडीवर मात्र कधी घेतलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. दवाखान्यात सगळ्यांना कावीळ-बची लस द्यायचा दिवस आला, की तात्यांना नेमकं पळसदेवबाहेर काम निघायचं, हे मला तेव्हा आठवलं. मी दटावून रक्त घेतलं आणि बारामतीला पाठवलं. रिपोर्ट आला. कावीळ-ब, जुनी; यकृतही खराब झालेलं.

"तात्या, कधीपासून?"

"बारा वर्सं झाली आसत्याल."

बारा वर्षांपूर्वी दवाखाना नुकताच उघडला होता. तेव्हा मी इंजेक्शन दिलं, की सुईला टोपण कसंतरी अडकवून कापसाबरोबर एकाच बादलीत टाकायची. सगळेच तसं करायचे, असं मी स्वतःला सांगते. पण मी शिकलेली होते. ती बादली तात्या हातानं दाबून रिकामी करायचे. एके दिवशी त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. "उसाचं पाचट लागलं," म्हणाले. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग तीनेक महिन्यांनी ते कऱ्हाटीला बहिणीकडं महिनाभर जाऊन आले. रोडावले होते. ऊस तोडायला गेलो होतो म्हणाले, मी तेही मानलं. कावीळ तिथंच उठली होती आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून ती कुठली हे त्यांना सांगितलं होतं.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत? लस देता आली असती."

"नवा दवाखाना तुमचा. हितं सुई टोचून कावीळ झाली म्हनल्यावर कोन आलं असतं? आन् मला तरी कुठं ठावं हुतं, लस आसती म्हून."

माणूस बारा वर्षं माझी चूक हायपोत भिजवत बसला होता आणि मी तिच्यावर विनोद करत होते.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. कुणालाही काही नव्हतं. मग मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, की हे रक्तातून जातं; दाढीचं ब्लेड कुलपात ठेवलंत ते बरोबर. पण शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, पोराला मांडीवर घेतल्यानं जात नाही. शिवाय नातीला जन्मल्याबरोबर लस मिळालेली आहे. बारा वर्षांपूर्वी हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

तात्या उठून साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन आले, खाली मांडी घालून बसले आणि नातीपुढं दोन्ही हात केले. "ये बाय."

साडेतीन वर्षांची पोर त्या हातांकडं बघत राहिली. मग पळत गेली, घमेल्याची दोरी ओढत आणली, तिचं टोक आजोबांच्या हातात ठेवलं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन घमेल्यात बसली. आजोबा म्हणजे दोरीच्या त्या टोकाला असतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

मंगलकाकूंनी तोंड फिरवलं. मी म्हणाले, "तात्या, मी आणते तिला उचलून."

"नगं मॅडम," तात्या म्हणाले. "तीस मिनिटं थांबू की."

आणि त्यांनी दोरी हळूहळू आपल्याकडं ओढायला सुरुवात केली.