स्त्रीलिंगी कपाट

धाकटी आंघोळीला गेली होती, म्हणून तिचा फोन आईने घेतला.

"मी फर्निचरच्या दुकानातून हिशेबनीस बोलतेय," पलीकडून आवाज आला. "ताईंना सांगा, महिनाअखेरीला कपात मोठी येणार आहे. मनाची तयारी ठेवा म्हणावं."

"ठेवते हो," आई म्हणाली आणि तिने फोन अलगद जागच्या जागी ठेवून दिला. धाकटीला काही सांगितलं नाही. पोरगी गुपचूप कपाट घेतेय, तर तिचा आनंद कशाला घालवा?

धाकटी दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची आणि नुकतीच संध्याकाळची या फर्निचरच्या दुकानातही जाऊ लागली होती. दुसरी नोकरी आईच्या कानाच्या यंत्रासाठी होती, पण यंत्राचं नाव काढलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. बाबा होते तोवर तिचं अडलं नाही. समोरचा काय बोलला ते बाबा तिच्या डाव्या कानाशी पुन्हा म्हणायचे, इतक्या सवयीने की पाहुण्यांना ती त्यांची लकबच वाटे. ते गेल्यापासून आईने कुणाकडे बसायला जाणं सोडलं होतं.

त्या दिवशी मात्र ती आपण होऊन शेजारच्या काकूंकडे गेली.

"कपाट येतंय. मोठं," ती म्हणाली. "एकच खटकलं. ती पोरगी म्हणाली, 'कपाट मोठी येणार.' कपाट नपुंसकलिंगी. हल्ली कुणाला लिंगाचं भान म्हणून नाही."

आईचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता.

"मेलं ते लिंग," काकू म्हणाल्या. "ठेवणार कुठे ते सांगा."

प्रश्न रास्त होता. भिंतीशी बाबांचं जुनं कपाट होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, धाकटी कामावर गेल्यावर, आईने ते उघडलं. बाबांचे शर्ट बाहेर काढले, घड्या मोडल्या, पुन्हा तशाच घातल्या आणि पलंगावर रचले. रिकामं कपाट इमारतीचा रखवालदार घेऊन गेला. मग काकूंनी दाराला टेप लावली.

"मोठं कपाट यातून यायचं नाही, वहिनी."

सुतार आला. त्याने दार काढलं, मग चौकटही काढली. चौकटीबरोबर भिंतीचा एक लचका निघाला तेव्हा त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "आता हत्तीसुद्धा येईल." कपाट उचलायला हवं म्हणून मोठ्या मुलीला आणि जावयाला बोलावणं गेलं. जावई कमरेला पट्टा बांधूनच आला.

त्या संध्याकाळी धाकटी नेहमीपेक्षा लवकर घरी परतली. बेल दाबायला हात वर केला, तर बेलच्या जागी भोक. आत पाचही जण जिन्याकडे डोळे लावून उभे.

"आलं का?" आईने विचारलं.

"आला," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"आता हीसुद्धा. कपाट आला म्हणे."

"कुठलं कपाट? पगार आला. म्हणजे उरला तेवढा." तिने पिशवी खाली ठेवली. "करातली सूट पहिल्या नोकरीतच संपते. दुसरीत पहिल्या पैशापासून कर. वर निवृत्ती निधीचा वाटा इकडेही आणि तिकडेही. एवढी मोठी कपात येणार, हे आधी कुणी सांगायला नको?"

जावयाने कमरेचा पट्टा सोडला.

"कपात," आई हळूच म्हणाली. "स्त्रीलिंगी. म्हणजे पोरगी शुद्धच बोलत होती."

"आई, अगं ही तुझ्या यंत्रासाठी राबतेय," मोठी म्हणाली. "आता तरी ऐक."

"ऐकू मला आलं होतं. 'मोठी' स्वच्छ ऐकलं. व्याकरण सोडून त्या पोरीला नावं ठेवली, ही माझी चूक. यापुढे लिंगाकडे लक्ष दिलं की झालं. यंत्रबिंत्र नको."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला आणि आईने तो सगळ्यांच्या आधी उचलला.

"ताई नाराज होऊन गेल्या, म्हणून म्हटलं कळवावं," हिशेबनीस म्हणाली. "जास्तीचा कर गेलाय. वर्ष संपल्यावर विवरण भरलं की परतावा मोठा येणार आहे."

आईने फोन ठेवला. "वर्षअखेरीला मोठा तवा येणार आहे."

"फर्निचरवाले तवा कशाला देतील?" काकू म्हणाल्या.

"ते मला नका विचारू. 'मोठा' म्हणाली. लिंग तपासलं मी."

धाकटी पुढे झाली. आईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या डाव्या कानाशी वाकली.

"परतावा, आई. कापलेले पैसे परत येणार."

आईने दोन्ही शब्द बोटांवर धरून पाहिले.

"तवा पुल्लिंगी," ती शेवटी म्हणाली. "परतावाही पुल्लिंगी." पदराने तिने चष्मा पुसला. "मग मी ओळखायचं कशावरून?"

आईने पायात चपला सरकवल्या.

"चल. ते यंत्राचं दुकान बंद व्हायच्या आत बघून येऊ."

"आत्ता? घर असं उघडं टाकून?" जावई म्हणाला.

"न्यायला आहे काय?" आई चौकटीच्या भोकातून बाहेर पडत म्हणाली. "साधं कपाट नाही घरात."