बगळ्यांचा एकुलता एक होमरन

मला कोणीही फसवू शकतं. जुनी गाडी विकणारा, दातांचा डॉक्टर, माझी बायको लोरेटा, कोणीही. पण आमच्या केनार्ड गावच्या बेसबॉल संघानं मला फसवावं? छे! त्यांना मी पुरता ओळखून आहे.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसलं असावं. आमचे खेळाडू तासन् तास एका पायावर उभे राहतात आणि चेंडू जवळ आला की उडून जातात. किती वर्षं तळाला आहोत ते आता कोणी विचारतही नाही. पण गंमत बघा, संघ जसजसा खाली जातो तसतसं मैदान झकपक होत जातं. आधी राक्षसी पडदा आला. मग उजव्या कुंपणामागे पोहण्याचा तलाव आला. मग लोणच्याच्या काकड्यांचे वेष चढवलेल्या पोरांची शर्यत सुरू झाली. त्यातली कुठलीही काकडी आमच्या खेळाडूंपेक्षा जोरात पळते. यंदा तर पुरुषांच्या मुतारीत प्रत्येकाच्या नाकासमोर एकेक छोटा टीव्ही लावलाय. चेंडू मारणारा एक माणूस आणा म्हटलं, तर म्हणे आम्ही प्रेक्षकांचा अनुभव सुधारतोय. म्हणजे भाजी करपली म्हणून ताटाला कल्हई लावायची!

तेव्हा त्या शनिवारी मी ठरवूनच गेलो होतो. एकाही गोष्टीला टाळी वाजवायची नाही.

गेलो तो सासऱ्यांसाठी. लोरेटाचे वडील अर्व, वय ऐंशीच्या घरात. तरुणपणापासून डाव्या कुंपणामागच्या त्याच बाकावर बसत आले, हातात तोच चामडी ग्लोव्ह. कुंपणावरून आलेला चेंडू झेलायचा, एवढी एकच इच्छा. तेवढ्या काळात एक चेंडू शेजारच्या पेल्यात पडला, एक त्यांच्या टोपीवर टप्पा खाऊन पुढच्या रांगेत गेला. ग्लोव्हमध्ये एकही नाही. आणि आता गुडघ्यांना आमची थंडी सोसवेना, म्हणून सोमवारी ते कायमचे मुलाकडे, उन्हाळी वाळवंटातल्या ॲरिझोनाला निघाले होते. म्हणजे हा शेवटचा सामना.

गाडीत ते मला म्हणाले, "लाइल, आज एक चेंडू मिळू दे. मग मी तिकडच्या निवडुंगाशीसुद्धा नीट वागेन."

निघताना लोरेटानं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की डॅडचा आजचा दिवस बिघडवायचा नाही. मी म्हटलं, मी कशाला बिघडवू? त्याला बगळे आहेत की!

आता आमच्या बाकांचा एक कायदा सांगतो. पाहुण्यांनी होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला, आणि तो आपल्या हाती आला, तर तो घरी न्यायचा नाही. सगळे "फेक परत!" म्हणून ओरडतात आणि आपण तो मैदानात भिरकावून द्यायचा. ठेवून घेणाऱ्याला पुढे कोणी मोहरीच्या चटणीची बाटलीसुद्धा देत नाही. आमच्या संघाविरुद्ध इतके होमरन होतात, की बाकांवरच्या लोकांचे हात खेळाडूंपेक्षा तयार झालेत.

निम्मा सामना होईपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. बगळे हरत होते, मी नावं ठेवत होतो. मग मी नॅचो, म्हणजे चीज ओतलेले मक्याचे कुरकुरीत तुकडे, आणायला गेलो. रांग शेपटासारखी, चीज देणारी मुलगी निवांत. मी परत येईपर्यंत अर्व अवघडून बसले होते. त्यांना लघवीला जायचं होतं, पण जागा सोडवत नव्हती. पाहुण्यांची चेंडू मारायची पाळी चालू होती.

मी म्हटलं, "जा हो. काही होत नाही आता."

त्यांनी ग्लोव्ह माझ्या हातात चढवला, लहान मुलाला चढवावा तसा, आणि गेले.

पलीकडे डेल्फीनबाई बसल्या होत्या. चांगल्या बाई, पण त्यांनी मला विचारलं, "नवीन पडदा कसा वाटला?" असं मला विचारू नये. मी मैदानाकडे पाठ केली आणि सुरू झालो. पडदा, तलाव, काकड्या, चीज, मुतारीतले टीव्ही. मधेच पाळी बदलली म्हणे. मला पत्ता नाही. मी पडद्याची उंची दाखवायला हात वर केला, आणि धप्प!

ग्लोव्हमध्ये चेंडू होता.

मी वळून पाहिलं. एक खेळाडू होमरन मारून रमतगमत मैदानाला चक्कर मारत होता, आणि त्याचे कपडे करडे होते. आता घरचे पांढऱ्यात आणि पाहुणे करड्यात, हे आमच्याकडे आजोबाच्या आजोबापासून चालत आलंय. त्यातून बगळ्यांनी घरच्या मैदानावर होमरन मारावा, हे कोणाच्या डोक्यात येणार?

"फेक परत!" मी स्वतःच ओरडलो. बाकांवरचे चारपाच जणही ओरडले. बिचाऱ्यांच्या घशाला दुसरं काही ओरडायची सवयच राहिली नव्हती. मी दोन पावलं मागे सरलो आणि जन्मात फेकला नसेल असा चेंडू फेकला. थेट मैदानाच्या मध्यावर!

त्याबरोबर भोंगा वाजला.

आमच्या संघानं होमरन मारला की बगळ्याच्या आवाजाचा भोंगा वाजतो. पण तो इतक्या दिवसांत कोणी ऐकलाच नव्हता. सगळ्यांना वाटलं, चक्रीवादळाचा इशारा. आमच्याकडे वादळाचा भोंगा म्हणजे चेष्टा नव्हे. निम्मे लोक बाकांखाली शिरले, तलावातले लोक ओल्या अंगानं फाटकाकडे धावले, एक काकडी आडवी झाली. वर फटाके उडायला लागले. डेल्फीनबाई बाकाखालून म्हणाल्या, "लाइल, तो आपला होता."

"काय आपला?"

"होमरन. आज मैदानावर 'अंतराळाची रात्र' हा खास कार्यक्रम आहे ना? आपल्या पोरांनी मघाशी चंद्रावरचे करडे कपडे घातलेत. तू चीज आणायला गेला होतास."

मी वर पाहिलं. ज्या पडद्याला मी नावं ठेवत होतो, त्याच्यावर मी होतो. चार मजली मी, अगदी सावकाश, चेंडू फेकताना. ग्लोव्हवर काळ्या शाईत लिहिलेलं 'अर्व' शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होतं.

मी कुंपणाकडे धावलो. पाहुण्यांच्या खेळाडूनं चेंडू उचलून केव्हाच पलीकडच्या महागड्या खुर्च्यांमध्ये टाकला होता. मी 'प्रेक्षक अनुभव' असं लिहिलेल्या खिडकीवर गेलो. तिथल्या हसऱ्या मुलीनं मला ओळखलं, फेकीचं कौतुक केलं आणि माझ्या डोक्यावर स्पंजची चोच बसवली. मी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. सासऱ्यांचा शेवटचा सामना आहे, म्हणालो. तिचे डोळे खरंच भरून आले. तिनं मला दुकानातला कोरा चेंडू दिला. त्याच्यावर हसरा बगळा छापलेला होता.

परत आलो तर अर्व जागेवर बसलेले. मी आधी चोच काढली, मग चेंडू पुढे केला. त्यांनी तो जरासा फिरवून पाहिला आणि खिशात ठेवला.

"मी मुतारीत होतो," ते म्हणाले. "समोर टीव्ही होता. त्यात माझा ग्लोव्ह दिसला, ग्लोव्हमध्ये चेंडू दिसला. शेजारी उभा होता त्याला मी सांगितलं, तो ग्लोव्ह माझा आहे."

"मग?"

"मग तू फेकलास. तो म्हणाला, तुमच्या माणसाचा हात चांगला आहे."

मी घाईघाईनं सगळं सांगायला लागलो. कपडे, करडा रंग, बाकांचा कायदा, भोंगा. अर्वनी हातानं थांबवलं.

"ते राहू दे. हाताला कसा लागला ते सांग."

"म्हणजे?"

"झेल. दुसऱ्यांच्या हातातला आवाज मी पुष्कळ ऐकलाय. पण आतून कसं लागतं? झोंबतं? की नुसतंच जड होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. पडद्याची उंची मला आठवत होती, चीजचा भाव आठवत होता, डेल्फीनबाईंना काय काय ऐकवलं ते शब्दन् शब्द आठवत होतं. हातातलं काहीच आठवेना.

"मला कळलं नाही, अर्व. मी बोलत होतो."

"हं," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून ग्लोव्ह काढून घेतला, स्वतःच्या हातात चढवला, आत मूठ मारून पाहिली आणि मैदानाकडे तोंड करून बसले. मीही बसलो.

हेरन्स हरले. कसे हरले ते मी तुम्हाला चेंडूगणिक सांगू शकतो, कारण उरलेला सगळा सामना मी तोंड मिटून पाहिला. आमच्या बाजूला एकही चेंडू आला नाही.