सबनीसकाकांची सर्वनामं

आमच्या मजल्यावरचे सबनीसकाका जिन्यात दोन माणसं भेटली की छान बोलायचे. तिसरं आलं की एकदम गप्प व्हायचे. मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहायचे आणि म्हणायचे, "घोटाळा होईल हो."

कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या, बायको सरला गेल्यावर एकट्याच राहणाऱ्या या माणसाला तसा सगळीकडेच घोटाळा दिसे. बंद केलेला गॅस पुन्हा बंद करायला ते बसस्टॉपवरून परत येत. पण जिन्यातली ही भीती नवी होती, आणि ती अरबी सर्वनामांची होती.

त्यांच्या मुलीने, मृणालने, मस्कतला नोकरी करता करता ऑफिसातल्याच जॉर्डनच्या मुलाशी, सामीशी, लग्न ठरवलं. बिल्डिंगमधल्या लोकांनी काकांना नाही नाही ते विचारलं. काकांना चिंता एकच. मुलाच्या आईला अरबीखेरीज काही येत नव्हतं, आणि लग्नाआधी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. मृणाल म्हणाली, मी सांगते ना तुमच्या वतीने. काका नाही म्हणाले. मुलीच्या बापाने एक वाक्य तरी स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं.

म्हणून ते समोरच्या इमारतीतल्या खतिजाआपांकडे जाऊ लागले. आपांनी शाळेत उभा जन्म अरबी शिकवलेली. पहिल्याच दिवशी कळलं की पुरुषाला 'अन्त', बाईला 'अन्ति', दोघांना 'अन्तुमा' आणि त्याहून जास्त असले की आणखी वेगळं. काकांची झोप उडाली. दूधवाल्यावर 'अन्त'चा सराव ठीक झाला. भाजीवालीवर 'अन्ति'चा केला, तर ती म्हणाली, "आंटी कोणाला बोलता काका? मी काय तुमच्या वयाची हाय?"

"आणि विहीणबाईंनाच चुकून 'अन्त' म्हणालो तर?" काकांनी आपांना विचारलं. "मराठीतसुद्धा अंत म्हणजे वाईटच की."

"सबनीससाहेब, त्यांना मराठी येत न्हाय," आपा म्हणाल्या. "फालतू टेन्शन घेता."

वाक्य ठरलं: 'हिया बिन्तुकि.' ती तुमची मुलगी आहे. शेवटचा 'कि' बाईसाठी. पुरुष असता तर 'क'. काका दिवसभर 'कि, कि' करत फिरायचे.

कॉलच्या दिवशी त्यांनी मला धीरासाठी आणि आपांना चुका सावरण्यासाठी बोलावलं. खालच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमची खडखड नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. स्क्रीनवर मृणाल आली, शेजारी डोक्यावर रुमाल बांधलेल्या एक ठेंगण्या बाई, लग्नासाठी मस्कतला आलेल्या सामीच्या आई. काकांनी नमस्कार केला, घसा साफ केला.

"हिया..." ते म्हणाले आणि मृणालकडे पाहून थांबले. "हिया बिन्ती."

"माझी झाली ओ," आपा पुटपुटल्या. "'तुमची' बोला."

काका 'कि' आठवू लागले. तोवर त्या बाईंनी मृणालच्या खांद्यावर हात ठेवला आणि शाळेत शिकवावं तसं सावकाश म्हटलं, "हिया बिन्तुना."

"'ना' म्हणजे?"

"आमची," आपा म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "आमची म्हणजे त्यांचीच? मी 'माझी' म्हणालो म्हणून रागावल्या का?"

"तसं न्हाय. अरबीत 'आमची' बोला नायतर 'आपली' बोला, शब्द एकच."

"मग कळायचं कसं?"

आमची कुजबूज पाहून त्या बाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग पुढे झुकून बोट थेट स्क्रीनवर टेकवलं, काकांच्या चेहऱ्यावर असावं.

"आपली, बाबा," मृणाल म्हणाली.

पुढचं सगळं मृणालनेच इकडून तिकडे केलं.

कॉल संपल्यावर मी चहा ठेवायला उठलो. काका फोन हातात धरून तसेच बसले होते.

"आपली," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "सरला गेल्यापासून या घरात हा शब्द म्हणायची वेळच आली नव्हती."