पत्रानं कळवतो

मुरुमच्या मोंढ्यात आडतीचं दुकान चालवणारे कल्याणप्पा यांच्या नावे सरकारी लखोटा आला, तेव्हा ते तुरीच्या पोत्याला टेकून पानाला चुना लावत होते. मोंढ्याला सरकारी लखोटा ठाऊक होता तो धान्याच्या लेव्हीचा नाहीतर जप्तीचा. त्यामुळं आसपासच्या दुकानांतली मंडळी हातातली गिऱ्हाइकं सोडून सांत्वनाला जमली. मजकूर इंग्रजीत होता. कल्याणप्पांची धाकटी लेक शिवकांता सोलापुरात मामाकडं राहून इंटर सायन्स झालेली. तिनंच तो वाचून सर्वांना मराठीत सांगितला. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासाठी सदर उमेदवाराने मुलाखतीस पालकासह हजर राहावे, गैरहजर राहिल्यास सदर उमेदवार स्वतः जबाबदार राहील, असं त्यात होतं. महाविद्यालय कुठल्या शहरातलं ते इथं सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक रागावतील.

शिवकांतानं डॉक्टर व्हावं ही कल्पना तिची स्वतःची होती आणि तिचं मूळ घरातच होतं. तिची आई रुद्रम्मा परपुरुषासमोर जीभ काढून दाखवणारी बाई नव्हती. गावात डॉक्टर एकच आणि तो पुरुष. म्हणून रुद्रम्माचं दुखणं कल्याणप्पा दवाखान्यात जाऊन सांगत आणि डॉक्टर त्यांचीच नाडी पाहून औषध देत. त्या औषधांनी कल्याणप्पांची तब्येत उत्तम राहिली होती. रुद्रम्माच्या पोटातली कळ मात्र वर्षानुवर्षं जागच्या जागी होती. "अव्वाला कुठं दुखतंय ते तिनं स्वतःच्या बोटानं दाखवावं आणि समोर मी असावं," असं शिवकांता एकदा म्हणाली होती. तेव्हापासून कल्याणप्पांनी लेकीला डॉक्टर करायचंच असा पण केला होता. फक्त त्यासाठी बापानं काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते गेले बाबूरावांकडं. बाबूराव निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्यात आला, तरी बाबूरावांचा सल्ला जागेवरच होता.

"मुलाखत म्हंजे काय असतंय बाबूराव?"

"मामला साधा हाय," बाबूराव चष्मा पुसत म्हणाले. "तिथं तीन-चार मोठी माणसं बसत्यात. पोरगी आत येती. ते तिला बगत्यात, विचारपूस करत्यात. पसंत पडली तर ठेवून घेत्यात."

कल्याणप्पांच्या जिवात जीव आला. "मग हे तर आमाला येतंय की. आमच्या अक्कानं सगळ्या भावकीच्या पोरी दाखवल्यात."

"मग झालं तर," बाबूराव म्हणाले, आणि या विषयावर सरकारी शिक्कामोर्तब झालं.

अक्का म्हणजे कल्याणप्पांच्या थोरल्या बहीण नागूबाई. त्यांनी आजवर दाखवलेली एकही पोरगी शेवटी बिनलग्नाची राहिली नव्हती. त्यांत एक तिरळी होती आणि एक अशी तोंडाळ होती की नवऱ्यानं पुढं दुसऱ्या गावी दुकान काढलं. अशा अनुभवी व्यक्तीकडं शिवकांताचं वैद्यकीय शिक्षण सोपवण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून माजघरात तालीम सुरू झाली. खाली मान घालून यायचं. पावलं लहान टाकायची, पण इतकी लहान नाही की पाय अधू वाटावा. नाव विचारलं की बापाच्या नावासकट सांगायचं. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचा, म्हणजे नजरेचा संशय मिटतो. आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, तेही निम्मं.

"आत्या, तिथं शास्त्राचं विचारत्यात," शिवकांता कळवळून म्हणाली. "हृदय, रक्ताभिसरण. मी बेडूक फाडलाय."

"हे तर अजाबात सांगू नको," नागूबाई म्हणाल्या. "बेडूक फाडलेली पोरगी कोण घेईल? आन तुला माणसाचं डॉक्टर व्हायचंय न्हवं?"

शिवकांतानं बापाकडं पाहिलं. कल्याणप्पा पेचात पडले. एकीकडं लेकीची पुस्तकं, दुसरीकडं अक्काची कारकीर्द. त्यांनी मध्यममार्ग काढला. दिवसा आत्याची तालीम आणि पहाटे पुस्तक, असा ठराव झाला. घरातल्या बायकांनी तिला बदाम चारले, रुद्रम्मानं बसवेश्वराच्या देवळात जोडनारळ बोलला आणि थोरला भाऊ मल्लिनाथ यानं दुकानातून नवी सुई आणि रिळ आणून दिलं. पोरीला पाठिंबा द्यायचा तर असा घसघशीत द्यावा.

मुलाखतीला पालकासह या, असं सरकारनं म्हटलं होतं. कल्याणप्पा पालक होतेच, पण त्यांच्या पालक नागूबाई होत्या, त्यामुळं त्याही निघाल्या. शेंगाच्या पोळ्यांचा पत्र्याचा डबा बरोबर घेतला. पोरगी बघायला आलेल्यांच्या तोंडात आधी काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर ते सगळी कसर पोरीवर काढतात, असा नागूबाईंचा अनुभव होता.

महाविद्यालयाच्या व्हरांड्यात मुलांची रांग होती. सगळे डोळे मिटून हाडांची नावं पुटपुटत होते. त्यांच्यात नऊवारी नेसवलेली, कपाळाला विभूती लावलेली एकटी शिवकांता. तिला पाहून मुलं गप्प झाली. दारावरच्या शिपायानं डब्याकडं पाहिलं. नागूबाईंनी त्याला दोन पोळ्या दिल्या. त्यानं त्या खाल्ल्या आणि दार पुरतं न लावण्याचं सौजन्य दाखवलं. बाई दाराशी बसून राहिल्या आणि बाप-लेक आत गेले.

आत टेबलामागं तिघे होते. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडं सरकारी सभासद, आणि डावीकडं पिकल्या मिशांचे एक सर्जन. ते आपली पेन्सिल न्याहाळत बसले होते.

"नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

शिवकांतानं बापाच्या नावासकट सांगितलं.

"वडील काय करतात?" वडील समोर बसलेले असूनही प्रश्न लेकीला होता. तिनं आडत सांगितली. मग गोत्र सोडून बाकी सगळं झालं. भावंडं किती. घरात कुणाला क्षय, फेफरं, वेड. उंची किती. डोळे कसे. सरकारी सभासद फायलीत पाहत म्हणाले, "शारीरिक पात्रतेचा रकाना आहे. जरा दारापर्यंत चालून दाखवा."

शिवकांता चालली. दाराच्या फटीतून नागूबाईंना तिची पावलं दिसली. लहान होती, पण फार लहान नव्हती. बाईंनी समाधानानं मान हलवली.

"बरं, लग्न ठरलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई."

"ठरेल की. आज ना उद्या ठरेल. सरकार पाच-सहा वर्षं खर्च करणार आणि तुम्ही चूल फुंकणार. स्वयंपाक येतो?"

"येतो."

हे उत्तर बाजूचं की विरुद्धचं, हे तिघांपैकी कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून ते नोंदवलं गेलं. मग सर्जननी पेन्सिल खाली ठेवली आणि खिशातून सुई-दोरा काढला. "टाके घालायचे तर हात स्थिर हवा. ओवून दाखवा."

दाराबाहेर नागूबाईंनी शिपायाला आणखी एक पोळी दिली. आत शिवकांतानं पहिल्या झटक्यात दोरा ओवला आणि सुई टेबलावर ठेवली. कल्याणप्पा थक्क झाले. इतका मोठा डॉक्टर आणि आपली अक्का यांचं ज्ञान एकच निघावं, याचा त्यांना अभिमान वाटला. पण लेकीच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं आणि त्यांना कसंनुसं झालं. ती खाली मान घालून बसली होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ठीक आहे," अध्यक्ष फाईल मिटत म्हणाले. "तुम्हाला काही विचारायचं आहे?"

हा प्रश्न पोरगी बघायच्या वेळी शेवटी विचारायचाच असतो आणि त्यावर पोरीनं नुसती मान हलवायची असते. माजघरात याची तालीम सगळ्यांत जास्त झाली होती.

शिवकांतानं मान वर केली. "सर, तुमी शास्त्राचं काहीच विचारलं न्हाई. मी हृदय पाठ केलंय. सांगू का?"

"नको, नको," अध्यक्ष घड्याळ पाहत म्हणाले. "हृदयाची इथं गरज नाही."

"सांगू द्या तिला," सर्जन म्हणाले.

मग शिवकांता उभी राहिली आणि सांगत गेली. रक्त कुठून येतं, कुठल्या कप्प्यात थांबतं, कुठली झडप कधी मिटते. सांगताना तिची मूठ पदराबाहेर येऊन हवेत उघडझाप करायला लागली. सर्जन पुढं झुकून ऐकत होते. कल्याणप्पांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की ही पोरगी आपल्या घरात राहिली, आपल्या ताटात जेवली आणि हिच्या डोक्यात एवढं काही आहे, हे आपण आज पहिल्यांदा ऐकतोय. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी उपरणं तोंडावर धरलं.

तिचं सांगून झालं. मग अध्यक्ष म्हणाले, "पत्रानं कळवतो."

तिघांनी परतीची मोटार धरली. नळदुर्गला मोटार थांबली तेव्हा नागूबाई म्हणाल्या, "कळवतो म्हंजे न्हाई. आजवर जे जे कळवतो म्हणून गेले, त्यांचं एक पत्र आलं न्हाई."

"अक्का, गप बसा," कल्याणप्पा म्हणाले. थोरल्या बहिणीला ते जन्मात पहिल्यांदाच असं बोलले होते. मग त्यांना आठवलं की मल्लिनाथसाठी त्यांनीही गेल्या वर्षभरात बऱ्याच पोरी पाहिल्या होत्या. प्रत्येक घरी पोटभर पोहे खाऊन, मिशा पुसत, ते "कळवतो" म्हणाले होते. त्या पोरींचे बाप रोज टपालवाल्याची वाट पाहत असतील, हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. पुढचे काही आठवडे टपालवाला दिसला की कल्याणप्पा तराजू तसाच सोडून उठायचे.

पत्र आलं. शिवकांता निवडली गेली. कशामुळं, यावर गावात दोन पक्ष पडले. नागूबाईंचं म्हणणं, चालण्यामुळं आणि सुईमुळं. कल्याणप्पा म्हणायचे, हृदयामुळं. महाविद्यालयानं कारण कळवलं नव्हतं. रुद्रम्मानं जोडनारळ फोडला आणि शिवकांता पेटी घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली. तिनं पहिल्याच दिवशी दार लावून अव्वाचं पोट तपासायला घेतलं. रुद्रम्मानं स्वतःच्या बोटानं जागा दाखवली. शिवकांताला अजून औषध देता येत नव्हतं, पण तेवढ्यानंच रुद्रम्माला निम्मं बरं वाटलं. त्याच सुट्टीत नळदुर्गच्या माणिकप्पांची महानंदा मल्लिनाथसाठी बघायचं ठरलं. घरात आता डॉक्टरीण म्हटल्यावर तिला नेणं आलंच. गाडीत कल्याणप्पा सगळ्यांना बजावत होते, "त्या पोरीला चालून बिलून दाखवायला लावू नका. मला आता ते बगवत न्हाई."

नागूबाईंनी ऐकून घेतलं. माणिकप्पांकडं पोहे झाले, महानंदा खाली मान घालून येऊन बसली आणि नागूबाईंनी सवयीनं कमरेच्या पिशवीतून सुई काढली. महानंदानं ती पहिल्या झटक्यात ओवली. कल्याणप्पांना हे थांबवायचं होतं, पण दुसरं काय विचारायचं असतं हेच त्यांना सुचेना, म्हणून ते पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिले.

शिवकांतानं शेवटचा प्रश्न विचारला. "तुला काही विचारायचंय का?"

महानंदानं मान हलवली नाही. ती हळूच म्हणाली, "तुमच्या दादांनाबी ओवता येती का?"

शिवकांतानं सुईतला दोरा ओढून काढला आणि सुई मल्लिनाथच्या हातात दिली.

मल्लिनाथ अंगापिंडानं मजबूत गडी, पोतं एका हिसक्यात पाठीवर घेणारा. त्यानं दोरा तोंडात ओला केला, सुई डोळ्याजवळ धरली, मग लांब धरली, मग उजेडाकडं तोंड करून बसला. दोरा सुईच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला, बोटात अडकला. घाम त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरला. माणिकप्पा मोठ्या गांभीर्यानं पाहत होते.

"दादा," शिवकांता म्हणाली, "तुला चष्मा लागलाय."

घरातून निघताना माणिकप्पांनी पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवलं. तिथं त्यांनी कल्याणप्पांचे दोन्ही हात हातात घेतले आणि अतिशय आदरानं म्हणाले, "पत्रानं कळवतो."

ते पत्र अजून आलेलं नाही. कल्याणप्पा पुन्हा टपालवाल्याची वाट पाहतात. मल्लिनाथला सोलापूरहून चष्मा आणला आहे आणि रोज संध्याकाळी मोंढा उठला की नागूबाई त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून सुई ओवण्याची तालीम देतात. येणारे-जाणारे थांबून हसतात. त्यांत ज्यांची पोरं लग्नाची आहेत असे बाप सगळ्यांत जास्त हसतात. नागूबाई रागावत नाहीत. जो हसेल त्याला जवळ बोलावतात, एक सुई आणि दोऱ्याचं टोक त्याच्या हातात देतात आणि शांतपणे म्हणतात, "बसा. तुमीबी दाखवा."

तुम्हीही मघापासून हसताय. या, पायरीवर जागा आहे.